रोजच्या भातासाठी राइस कुकर: निवड, पहिला भात आणि नेहमीच्या तक्रारी

भात शिजला हे राइस कुकरला फक्त तापमानावरून कळतं. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, कारण खालून मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. तांदळाने पाणी शोषून घेतलं आणि उरलेलं वाफ होऊन गेलं की बूड झपाट्याने तापू लागतं. साध्या कुकरच्या हीटिंग प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल टिकली असते. तिच्या आतल्या धातूच्या तुकड्याचं चुंबकत्व साधारण १०३ अंशांच्या आसपास नाहीसं होतं, पकड सुटते, बटण टक्‌ करून उडतं आणि कुकर ‘वॉर्म’वर जातो. महागड्या कुकरमध्ये त्या जागी सेन्सर आणि चिप असते, पण लक्ष ठेवायचं ते बुडाच्या तापमानावरच. १९५५ साली तोशिबाने जपानमध्ये विकायला आणलेल्या पहिल्या यशस्वी कुकरमध्येही हीच युक्ती होती. त्यात बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं आणि ते आटलं की तापमान चढून वीज बंद व्हायची.

निवडताना हे लक्षात असलं की कशाला महत्त्व द्यायचं ते आपोआप ठरतं. भांडं टिकलीला नीट टेकतंय का, त्यात घातलेला तांदूळ त्या भांड्याच्या मापाचा आहे का आणि पाणी बरोबर आहे का, या तीन गोष्टींवर रोजचा भात ठरतो. पुढच्या पॅनेलवर बटणं ६ आहेत की १६, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भात आठवड्यातून एखाद्या वेळीच होत असेल, तर कुकर घेऊ नका. जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण तेवढ्यासाठी पुरतं. कुकरचा खरा उपयोग रोज, ठरलेल्या वेळी, लक्ष न ठेवता भात हवा असणाऱ्या घराला आहे.

पहिली पायरी: एका वेळचा तांदूळ मोजा

घरात माणसं किती, यावरून कुकरचं माप ठरवायची पद्धत आहे, पण तिने फसायला होतं. चार माणसांच्या एका घरात एका वेळी दीड कप तांदूळ लागतो, दुसऱ्या घरात चार कप. म्हणून आठवडाभर रोज शिजवायच्या आधी कच्चा तांदूळ मोजा आणि आकडे लिहून ठेवा. कुकरसोबत येणारा कप १८० मिलिलिटरचा असतो आणि त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो. स्वयंपाकाच्या इतर पुस्तकांतला कप २४० किंवा २५० मिलिलिटरचा असतो, त्यामुळे या दोन्हींची सरमिसळ करू नका. पानात इतर पदार्थ असतील तर एका माणसाला एका वेळी अर्धा ते पाऊण कप कच्चा तांदूळ पुरतो. भातावरच जेवण असेल तर एक कप धरा.

आठवड्याच्या नोंदीत जो आकडा जास्त वेळा आला, तो तुमचा रोजचा आकडा. कुकर त्याच्या मापाने घ्यायचा. वर्षातून दोनदा पाहुणे येतात म्हणून मोठा कुकर घेणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे आणि तिचा त्रास रोज होतो. दहा कपांच्या रुंद भांड्यात एक कप तांदूळ घातला की त्याचा जेमतेम बोटभर थर होतो. पाण्याचा थरही तितकाच पातळ असतो, ते भराभर उडून जातं, टिकली लवकर तापते आणि बटण वेळेआधी उडतं. वरची शितं टणक राहतात आणि खाली खरपुडी धरते. पाणी वाढवून हे थोडंफार सावरता येतं, पण भात एकसारखा शिजत नाही.

ढोबळ नियम असा: कुकरच्या कमाल मापाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी तांदूळ रोज लावायचा नाही आणि कमाल मापापर्यंत रोज भरायचाही नाही. रोजचा आकडा भांड्याच्या मधल्या भागात पडला पाहिजे. नेहमीची तीन मापं अशी: ३ कप, साडेपाच कप आणि १० कप. रोज एक ते दोन कप लागत असतील तर ३ कपांचा, दोन ते चार कप लागत असतील तर साडेपाच कपांचा घ्यावा. दहा कपांचा कुकर रोज चार कपांच्या वर भात लागणाऱ्या घरासाठी आहे. पाहुण्यांच्या दिवशी दोनदा भात लावा. पहिला घाणा निघून झाकलेल्या भांड्यात गरम राहतो तोवर दुसरा होतो.

लिटरच्या आकड्याचा घोळ

खोक्यावरचा लिटरचा आकडा वाचताना सांभाळा. काही कंपन्या कच्च्या तांदळाचं माप लिहितात. साडेपाच कप म्हणजे ९९० मिलिलिटर, म्हणून तो कुकर ‘१ लिटर’चा, ३ कपांचा ०.५४ लिटरचा आणि १० कपांचा १.८ लिटरचा. इतर कंपन्या आतलं भांडं काठोकाठ भरल्यावर किती मावेल ते लिहितात. दोन कुकरवर ‘१.८ लिटर’ लिहिलेलं असतं, पण एकात दहा कप तांदूळ शिजतो आणि दुसऱ्यात तीन कप घातला तरी भांडं भरतं. तांदळाचा भात झाला की आकारमान अडीच ते तीन पट होतं आणि वर फेसाला जागा लागते, म्हणून भांड्याच्या मापाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कच्चा तांदूळ त्यात जात नाही.

यातून सुटायचा मार्ग सोपा आहे. माहितीपत्रकात ‘कमाल कच्चा तांदूळ’ किती कप किंवा किती ग्रॅम, एवढंच शोधा. किमान किती लागतो तेही बघा, कारण तो आकडा देणारी कंपनी बहुधा चाचणी करून देते. पत्रक मिळालं नाही तर भांड्याच्या आतल्या खुणा बघा. पाण्याच्या सर्वांत वरच्या रेघेशेजारी लिहिलेला आकडा म्हणजे कमाल कप.

दुसरी पायरी: प्रकार ठरवा

साधा कुकर म्हणजे एक बटण, एक हीटिंग प्लेट आणि वर उल्लेखलेली चुंबकाची टिकली. वीस ते तीस मिनिटांत भात होतो. बिघडण्यासारखं आत फार काही नसतं आणि जे बिघडतं ते दुरुस्त होतं. रोज एकाच प्रकारचा पांढरा तांदूळ लावणाऱ्या घराला हा पुरतो आणि बहुतेक घरं याच गटात मोडतात. मात्र भिजवणं आणि वाफ मुरवणं ही दोन कामं तुम्हाला स्वतः करावी लागतात.

चिपचा कुकर, म्हणजे खोक्यावर ‘मायकॉम’ किंवा ‘फझी लॉजिक’ लिहिलेला, ही दोन्ही कामं स्वतः करतो. आधी कोमट पाण्यात तांदूळ भिजू देतो, मग उकळी आणतो, मग आच कमी-जास्त करत शिजवतो आणि शेवटी वाफ मुरू देतो. त्यामुळे पांढऱ्या तांदळालाही ४० ते ६० मिनिटं लागतात. घाई असणाऱ्यांना हे आधी माहीत हवं, नाहीतर ‘एवढा महाग घेतला आणि दुप्पट वेळ लावतो’ ही तक्रार ठरलेली. कोंड्यासकटचा तपकिरी तांदूळ नेहमी लागत असेल, टायमर हवा असेल किंवा घरात दोन-तीन प्रकारचे तांदूळ आलटून पालटून लागत असतील, तर या कुकरवर केलेला जास्तीचा खर्च वसूल होतो.

इंडक्शन कुकरमध्ये खालची प्लेट तापत नाही. कॉइलमधल्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांडंच तापतं, तेही बुडाबरोबर बाजूंनी, म्हणून मोठ्या घाण्यातही वरचा आणि खालचा भात सारखा होतो. भांडं जाड आणि खास थरांचं लागतं, ते खराब झालं तर नवं महाग पडतं. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल तर अशा कुकरबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. प्रेशर इंडक्शन हा त्यापुढचा प्रकार. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या थोडं वर उकळतं आणि दाणा मऊ, किंचित चिकट होतो. मोकळा, फडफडीत भात आवडणाऱ्यांनी त्यासाठी पैसे घालू नयेत. त्याचा खरा फायदा तपकिरी तांदळाला आणि उंचावर राहणाऱ्यांना होतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे साध्या कुकरमध्ये पाणी आटून जातं आणि दाण्यात कणी राहते. अर्धा-पाऊण तास आधी भिजवून आणि पाणी वाढवून चालवता येतं, पण दाबाचा कुकर तिथे सरस.

केक, सूप, दही असल्या मेन्यूंच्या यादीकडे बघून कुकर निवडू नका. रोजच्या वापरात उरतात ती बटणं तीन-चार: पांढरा तांदूळ, तपकिरी तांदूळ, झटपट आणि टायमर. त्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: ‘वॉर्म’ बंद करता येतं का? कित्येक कुकरमध्ये ते आपोआप सुरू होतं आणि प्लग काढल्याशिवाय थांबत नाही.

तिसरी पायरी: भांडं हातात घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आतलं भांडं बाहेर काढून उचलून बघा. मिलिमीटरभर जाडीचं पातळ ॲल्युमिनियमचं भांडं हाताला हलकं लागतं, त्यात उष्णता कॉइलच्या वरच साठते आणि तेवढ्याच वर्तुळात भात लागतो. दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड भांड्यात उष्णता पसरते. सारख्याच मापाच्या दोन कुकरमध्ये निवड करायची असेल, तर ज्याचं भांडं जड तो घ्या.

मग बूड बघा. भांडं उलटं करून डोळ्याच्या रेषेत धरा: पोचा नको, लचका नको. काही कुकरची प्लेट मधे किंचित फुगीर असते आणि भांड्याचं बूड तिला जुळेल असं खोलगट केलेलं असतं. म्हणूनच ‘मापात बसतं’ म्हणून दुसऱ्या कुकरचं भांडं वापरता येत नाही. भांडं आत ठेवून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे थोडं फिरवा. डगमगता कामा नये, आणि मधली टिकली बोटाने दाबली की खाली जाऊन पटकन वर आली पाहिजे.

आतल्या थराचे तीन-चार प्रकार मिळतात. नॉनस्टिकला भात चिकटत नाही आणि धुणं सोपं जातं, पण चरे पडले की थर सुटायला लागतो. हा थर २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो आणि कुकर भात शिजवताना त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, त्यामुळे काळजी उष्णतेची नाही, ओरखड्यांची करायची. त्यात लोखंडी किंवा स्टीलचा चमचा नको, काथ्या नको, आणि तांदूळही शक्यतो त्यात धुऊ नका, वेगळ्या पातेल्यात धुऊन मग घाला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात थर जाण्याची भीती नाही, पण स्टील उष्णता नीट पसरवत नाही. बुडात ॲल्युमिनियमचा थर असेल तरच घ्या, आणि खाली थोडा भात चिकटणार हे गृहीत धरा. पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं की तो सुटतो. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू नका.

आतल्या खुणा कोरलेल्या आहेत की नुसत्या छापलेल्या, तेही बघा. छापलेल्या खुणा घासणीने काही महिन्यांत पुसट होतात.

सुटं भांडं मिळतं का, हे घेण्याआधीच विचारा. कुकरचा बाकीचा सांगाडा बरीच वर्षं चालतो, आधी जातं ते भांडं. ज्या मॉडेलचं भांडं आणि झाकणाचं रबर वेगळं मिळत नाही, ते स्वस्त असलं तरी महागात पडतं.

झाकण

काचेचं सुटं झाकण आत काय चाललंय ते दाखवतं आणि भांड्यासारखं धुता येतं. पण त्यातून वाफ भरपूर जाते, कडेने पाणी उडतं आणि ‘वॉर्म’वर भात लवकर सुकतो. बिजागरीचं, खटका लावून बंद होणारं झाकण वाफ धरून ठेवतं. त्यात बघायचं एवढंच: आतली पत्र्याची चकती, तिचं रबर आणि वाफेच्या तोंडावरची टोपी, हे तीनही भाग हाताने सुटतात का. सुटत नसतील तर तो कुकर घेऊ नका. फेसाबरोबर वर आलेली पेज त्या फटींत साचते, आंबते आणि दोन आठवड्यांत भाताला वास मारायला लागतो. वाफेच्या पाण्यासाठी मागे छोटी वाटी असेल तर चांगलं, ती रोज रिकामी करायची.

वीज

रोजच्या मापाचे साधे कुकर ३०० ते ७०० वॅटचे असतात, इंडक्शनवाले १००० ते १३०० वॅटचे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात: २३० व्होल्टवर ७०० वॅट म्हणजे ३ अँपिअर, १३०० वॅट म्हणजे ५.७. म्हणून ६ अँपिअरच्या सॉकेटला इंडक्शन कुकर लावला तर तो कायम मर्यादेच्या काठावर चालतो. त्याला जाड पिनेचं, जास्त अँपिअरचं सॉकेट द्या. हलक्या एक्स्टेन्शन बोर्डवर कोणताच कुकर नको. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच, कारण इथे पाणी, वाफ आणि धातूचा सांगाडा एकत्र आहेत. सुरक्षेच्या खुणेबरोबर माहितीपत्रकात आयईसी ६०३३५-२-१५ हा क्रमांक दिसला तर तो याच प्रकारच्या उपकरणांसाठीचा आंतरराष्ट्रीय मानक आहे.

दुसऱ्या देशातून कुकर आणत असाल तर तळाची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. साध्या कुकरचा भार व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतो. ११५ व्होल्टचा कुकर २३० वर लावला तर तो चौपट वॅट ओढतो आणि काही क्षणांत जळतो. उलट केलं तर चतुर्थांश शक्ती मिळते आणि नीट उकळीच येत नाही. घरातलं व्होल्टेज वीस टक्के पडलं तरी शक्ती ६४ टक्क्यांवर येते, आणि संध्याकाळी त्याच कुकरला जास्त वेळ का लागतो याचं कारण बहुधा हेच असतं.

५०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर पाव युनिट लागतं. ‘वॉर्म’ मात्र डोळ्यांआड खात राहतं: ४० वॅट धरले तरी बारा तासांत जवळपास अर्धं युनिट, म्हणजे भात शिजवायला लागलं त्याच्या दुप्पट.

चौथी पायरी: घरी आणल्यावर

भांडं, झाकण, चमचा धुऊन, भांडं बाहेरून कोरडं पुसून आत ठेवा. पहिल्यांदा नुसतं दोन कप पाणी घालून दहा मिनिटं उकळवा आणि फेकून द्या. प्लेटवरचा कारखान्यातला थर जळताना पहिल्यांदा थोडा वास येतो, तो तेवढ्यात जातो. कुकर ओट्यावर असा ठेवा की वाफ वरच्या कपाटाच्या फळीला लागणार नाही. रोज वाफ लागणारी लाकडी फळी फुगते.

आता पाणी. ‘एकास दोन’ हा पातेल्याचा हिशोब कुकरला लावला की भात गिच्च होतो. इथे पाण्याचे दोन भाग समजून घ्यायचे. एक भाग तांदूळ पितो आणि तो तांदळाच्या प्रमाणात वाढतो: पांढऱ्या तांदळाला कपाला साधारण एक कप. दुसरा भाग वाफ होऊन जातो आणि तो कुकरवर अवलंबून असतो; तांदूळ एक कप असो की चार, त्यात फार फरक पडत नाही. काचेच्या झाकणाच्या साध्या कुकरमध्ये हा अर्धा ते पाऊण कप असतो, घट्ट झाकणाच्या कुकरमध्ये कमी. म्हणजे एक कप तांदळाला दीड कप पाणी, दोन कपांना अडीच, चार कपांना साडेचार ते पाच. थोडा भात कोरडा आणि जास्त भात चिकट, ही तक्रार ज्यांची असते ते प्रत्येक वेळी एकाच पटीने पाणी घालत असतात.

तांदूळ जुना असेल तर जास्त पाणी पितो, नवा कमी. लांब दाण्याचा मोकळा हवा असेल तर वरच्या मापापासून सुरुवात करा. आखूड, चिकट दाण्याला पाव कप कमी. उकड्या तांदळाला थोडं जास्त. तपकिरी तांदळाला कपाला दीड कप आणि वर वाफेचा भाग, शिवाय साध्या कुकरमध्ये दोन तास तरी आधी भिजवणं. तांदूळ धुतल्यावर चाळणीत निथळून घ्या. पातेल्यात राहिलेलं पाणी सहज पाव कप भरतं आणि रोज वेगळं भरतं. भिजवलेल्या तांदळाने आधीच पाणी प्यालेलं असतं, म्हणून मोजायचं ते कोरडा तांदूळ आणि एकूण पाणी.

पहिले चार-पाच दिवस एकच तांदूळ, एकच प्रमाण ठेवा आणि एका वेळी पाव कपानेच पाणी बदला. तांदूळ आणि पाणी दोन्ही एकदम बदललं तर काय चुकलं ते कळत नाही. जुळलं की तो आकडा झाकणाच्या मागे किंवा कपाटाच्या दारावर चिकटवून टाका.

बटण उडालं म्हणजे भात खायला तयार, असं नाही. त्या क्षणी वरचा थर ओलसर आणि खालचा कोरडा असतो. झाकण न उघडता दहा ते पंधरा मिनिटं थांबा, वाफ सगळीकडे सारखी मुरते. मग लगेच लाकडी किंवा प्लास्टिकच्या चपट्या चमच्याने कडेपासून आत, बुडातून वर, हलक्या हाताने भात मोकळा करा. हे केलं नाही तर झाकणाचं पाणी ठिबकून कडेचा भात ओला राहतो आणि बाकीचा गोळा होऊन बसतो.

काय बिघडतं आणि का

उतू जाणं ही पहिली तक्रार. तांदळावरचा पिठूळ स्टार्च पाण्यात मिसळला की फेस धरतो. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा, अर्धा चमचा तेल घाला, वाफेची टोपी साफ ठेवा. तरीही उतू जात असेल तर तांदूळ भांड्याच्या मानाने जास्त आहे. लहान भांड्याला जास्त वॅटचं कॉइल असलेले कुकर जात्याच उतू जातात, तिथे तांदूळ कमी करण्यावाचून इलाज नाही.

बटण लवकर उडतंय? पाणी कमी आहे, किंवा बुडाशी काहीतरी घट्ट बसलंय. डाळ, मसाला, परतलेला कांदा खाली साचला की त्या जागी पाणी पोहोचत नाही, बूड १०० च्या वर जातं आणि कुकरला वाटतं भात झाला. फोडणीचा भात करायचा असेल तर फोडणी बाहेर करून, पाणी उकळल्यावर ढवळून घाला. उडालेलं बटण पुन्हा दाबलं तर लगेच टिकत नाही, टिकली थंड व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. बटणात काडी किंवा घडी घातलेला कागद अडकवून ते खाली धरून ठेवू नका. भात झाल्यावर कुकर आपोआप थांबायचा मार्ग तेवढाच आहे.

एक दिवस करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा, असं होत असेल तर भांडं काढून प्लेटवर बघा. बहुतेक वेळा तिथे एखादं वाळलेलं शीत सापडतं. तेवढ्या उंचीनेही भांडं आणि टिकली यांच्यात फट पडते आणि कुकरचा अंदाज चुकतो. कुकर थंड असताना प्लग काढून शीत नखाने सोडवा. जळून चिकटलं असेल तर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा. प्लेटवर पाणी ओतायचं नाही. भांड्याचा बाहेरचा भाग ओला ठेवून आत घालणं ही सवयही मोडा. त्या पाण्याचे डाग प्लेटवर पडतात आणि हळूहळू त्यांचा थर होतो.

‘वॉर्म’वर ठेवलेला भात पिवळा पडतो, कडक होतो, वास येतो. चांगल्या कुकरमध्येही चार-पाच तासांपर्यंतच चव टिकते. बारा तासांच्या पुढे ठेवूच नये. मात्र ‘वॉर्म’ बंद करून भात कुकरमध्येच सोडून देणं जास्त धोक्याचं. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. भात एकतर ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे किंवा तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तुमच्या कुकरचं ‘वॉर्म’ ६० च्या वर राहतं का, हे तासाभराने भाताच्या मधोमध स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून एकदा तपासा. स्वस्त कुकरमध्ये ते नुसतं एक लहान कॉइल असतं आणि थोड्या भाताला सुकवतं, जास्त भाताला कोमट ठेवतं. टायमर लावताना हीच काळजी: उन्हाळ्यात धुतलेला तांदूळ पाण्यात आठ तासांहून जास्त ठेवू नका, आणि पाणी गार घाला.

एके दिवशी कुकर अचानक पूर्ण बंद पडला, दिवाही लागत नाही, तर आधी वायर बदलून बघा. सुटी निघणारी वायर असेल तर बिघाड बऱ्याचदा तिच्यातच असतो. वायर ठीक असेल तर थर्मल फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी आहे. कुकर रिकाम्या भांड्यावर किंवा अडकवलेल्या बटणावर जास्त तापला की तो उडतो आणि पुन्हा जुळत नाही, नवा घालावा लागतो. भाग स्वस्त आहे, काम जाणकाराकडून करून घ्या, आणि त्याला तेवढ्याच अंशांचा फ्यूज घालायला सांगा. फ्यूज काढून दोन वायरी थेट जोडून दिल्या तर कुकर चालतो, पण त्यानंतर तो जास्त तापला तर त्याला थांबवायला आत काहीच उरत नाही.